टेबलाखाली

दादा,

काल फोनवर म्हणालास, "फौजी आत्या घरात असताना माझ्या चिमणीला कसली भीती?" मी नुसती हसले.

सकाळीच वरच्या मजल्यावर कपाट आदळलं होतं आणि मी टेबलाखाली शिरले होते. एकटी. चिमणी बाहेर उभी होती. सीमेवरून परतले तरी माझं अंग अजून तिथंच आहे. पण तिला सोबत ओढायचं सुचलंच नाही, याची लाज जात नाही.

ती वाकून म्हणाली, "आत्या, सापडलीस! आता राज्य तुझ्यावर."

आज तिनं पुन्हा तोच खेळ मागितला. मी "धडाम!" म्हणते, आधी तिला आत ढकलते, मग मी शिरते. ती खिदळते. मी सराव करतेय. तो अंगवळणी पडला की हे पत्र पाठवीन.

तुझी,
धाकटी