अळणी आमटी

सातारा, १० जुलै २०२५

ती. चारुआत्यांना,
भार्गवीचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितेय, कारण घर दोन खोल्यांचं आणि बाबांच्या देखत बाबांबद्दल बोलवत नाही. अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने झाले. बोलणं सुधारलंय, डाव्या हाताने जेवतात, काठी घेऊन चालता येतं, पण खुर्ची सोडत नाहीत. व्यायाम करून घेणारी श्रद्धा म्हणते, हालचाल परत यायचे हेच महिने, दवडू नका. कामाच्या हरणाबाईंच्या मते दादा लय हट्टाला पेटलेत. तुमचा भाचा आणि माझा नवरा अनीश आधी चिडतो, मग एकटाच गच्चीवर जाऊन बसतो. मला भीती वाटते, हे असेच बसून राहतील. तुमच्या भावाच्या मनात काय आहे, तुम्हाला काही उमगतं का?

लोभ आहेच, सल्लाही असावा.
तुमची,
भार्गवी

सांगली, १५ जुलै

चि. भार्गवीस,
अ. उ. आ.

मला मेलीला चौकशांची खोड, तेव्हा सांग. चिंतामण पेपर वाचतो की नुसता धरतो? पहाटेच जाग येते का? आणि मुख्य म्हणजे, चुका काढतो का? माझ्या लग्नात त्याने मंगलाष्टकं थांबवून भटजींची चूक काढली होती. एक कर. एक दिवस आमटी अळणी कर आणि काय म्हणतो ते कळव.

अनीशला आशीर्वाद. कळवायला आळस नसावा.
तुझी,
चारुआत्या

सातारा, १२ ऑगस्ट

ती. चारुआत्यांना,
शि. सा. न. वि. वि.

आमटी साफ अळणी केली होती. बाबांनी वाटी संपवली, ब्र काढला नाही. पेपर नुसता धरतात, जाग अंधारातच येते. हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी बाबांनाच विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले की आता मी नुसती अडगळ आहे. अनीशला तिथे बसवेना.

डॉक्टर म्हणाले, हा हट्ट नाही, नैराश्य आहे. झटक्यानंतर पुष्कळांना येतं, मेंदूला झालेल्या इजेचाही त्यात भाग असतो. गोळ्या चालू केल्यात, गुण यायला काही आठवडे लागतील. समुपदेशकांकडेही जातो. हिंमत धरा म्हणणं आम्ही सोडलंय. गौरींची दगदग नको म्हणून यंदा शिवलेल्या तयार साड्या आणल्या.

माया अशीच राहू दे.
भार्गवी

सांगली, १६ ऑगस्ट

चि. भार्गवीस,
अ. उ. आ.

आपल्या घरी गौरींना साडी पुरुष नेसवतात. वडिलांनंतर ते काम चिंतामणचं. त्याला विचारलंत? साडीने दुखणं बरं होत नाही, एवढं मलाही कळतं. गोळ्या चुकवू नका. पण त्याचं काम परस्पर काढून घेऊन तुम्हीच त्याला अडगळीत टाकलंत, बाळ. रागावले नाही, पण बोलल्याशिवाय राहवलं नाही. जमणार नसेल तर त्यालाच नाही म्हणू दे.

पुढचं कळेपर्यंत जीव टांगलेला आहे.
तुझी,
चारुआत्या

सातारा, ४ सप्टेंबर

ती. ताईस,
चिंतामणचा सा. न.

अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस. भार्गवीने विचारलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मग ती शिवलेली साडी पाहिली. गौरीला परकर नेसवल्यासारखा दिसत होता. मी खुर्चीतून सांगायचं आणि अनीशने नेसवायचं, असं ठरलं. त्याच्या निऱ्या पोत्याचं तोंड आवळल्यासारख्या. सोडायला लावल्या. पुन्हा तेच. शेवटी मीच उठलो. एक बाजू अनीशने धरली, निऱ्या मी डाव्या हाताने बसवल्या. धाकटीचा पदर आखूड झाला. राहू दिला.

सकाळ अजून जड जाते. गोळ्या घेतो. श्रद्धा आली की उठतो, रोज नाही, पण उठतो.

आणि भार्गवीने आता सांगितलेल्या तुझ्या चौकशीचं उत्तर. जुलैतली ती आमटी अळणी होती. मला पहिल्या घासालाच कळलं होतं. सांगावंसं वाटलं नाही. कालची खारट होती. सांगितलं, तर भार्गवी रडायलाच लागली.

खोडी काढत राहा.
तुझा,
चिंतामण