जेवणानंतर डेट्रॉइट

३ नोव्हेंबर, सोमवार
आज जेवणानंतर पुन्हा इमारत! हृषिकेशला कंपनी इथून जर्मनीहून अमेरिकेत, डेट्रॉइटला पाठवतेय, चौदा तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. पण "येशील का?" असं सरळ विचारेल तर तो आमचा नवरा कसला? रोज भांडी आवरली की लॅपटॉप उघडतो आणि तिथली एक जुनी इमारत पुढ्यात ठेवतो. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासारखं — वय, उंची, रंग, घराणं.

आजची मुलगी गार्डियन बिल्डिंग. वय शहाण्णव, रंग तांबूस. आत बँक होती. छत इतकं नक्षीदार की पैसे भरायला आलेला चपला बाहेर काढेल. म्हटलं, पैशाचं देऊळच बांधलंय, निदान लपवाछपवी नाही.

५ नोव्हेंबर
मिशिगन सेंट्रल स्टेशन. तीस वर्षं पडीक, आता लखलखीत. गाडी मात्र एकही येत नाही! म्हटलं, आपल्या ब्योब्लिंगेनच्या स्टेशनात उशिरा का होईना, येते. त्याला हसून ठसका लागला.

६ नोव्हेंबर
केअरवोखे — या आठवड्यात जिन्याची पाळी आमची. झाडला, पुसला. खालच्या फ्राऊ श्टाइगरनी वाकून कोपरा पाहिला आणि म्हणाल्या, "या, गेनाऊ" — हो, अगदी बरोबर. एकोणीस वर्षांनी मिळालेलं प्रशस्तिपत्र! तिथे माझा जिना कोण तपासणार?

८ नोव्हेंबर, शनिवार
फिशर बिल्डिंग. शिखर आधी सोनेरी होतं. महायुद्धात विमानांच्या भीतीनं डांबर फासलं, ते निघेना, शेवटी हिरव्या कौलांवर भागवलं. म्हटलं, हे आपलंच लग्न.

येनाला शिकायला गेलेल्या लेकीचा, सियाचा फोन. मी मराठीत रडगाणं गायलं, तिनं जर्मनमध्ये निकाल दिला — जा की, इथे तुला सांभाळायचंय काय? सप्टेंबरात स्वतःच घर सोडून गेली आणि वर हे!

१२ नोव्हेंबर
खरं लिहिते. हा माणूस बारा वर्षं गिअरबॉक्सचे आवाज ऐकून दोष शोधतोय. तिथे अख्खा विभाग त्याच्या हाताखाली येईल. आणि मी जिन्यासाठी अडून बसलेय! टोमणे मारले, पण "नको" एकदाही म्हटलं नाही. एवढं त्याला कळत असेलच.

उद्या सांगून टाकते.

१३ नोव्हेंबर
"जाऊ या," म्हटलं.

कढई पुसता पुसताच त्यानं सांगितलं. त्यानं गेल्या शुक्रवारीच नकार कळवलाय. जागा त्याच्या टीममधल्या श्रीनाथला गेलीसुद्धा.

"मग शनिवारपासून इमारती कशाला दाखवत होतास?"

"सिया गेल्यापासून तू पहिल्यांदाच इतकं बोलत होतीस."