चढावर समाधानकारक

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा गाड्या दुरुस्त करण्याचा (तीन वर्षांपासून बंद), राहणार गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, छाती नाही, पण डोके आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहायला कोणी मला भाग पाडलेले नाही. भाग पाडू शकणारी एकच होती, ती नऊ वर्षांपूर्वी गेली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. शब्द कायद्याला धरून असावेत म्हणून शेजारचे निवृत्त कोर्ट-कारकून समोर बसले आहेत. मधूनमधून ‘हे खोडा’ म्हणतात. मी खोडणार नाही. दमलो आहे, दुसऱ्यांदा लिहिणे होणार नाही.

कलम १. वरच्या दोन खोल्या आतल्या सामानासह माझ्या एकुलत्या एका मुलीला. ती शहरात असते, इथे राहायला येणार नाही, त्याबद्दल राग नाही. तिने खोल्या विकाव्यात. विकण्याआधी जिन्याची तिसरी पायरी बदलून घ्यावी. ती मी वीस वर्षे उद्या बदलतो आहे.

कलम २. बँकेतल्या शिल्लकेतून माझे शेवटचे सोपस्कार उरकावेत. उरेल ते मुलीचे. फार उरणार नाही.

कलम ३. खालचे गॅरेज, ग्राइंडर, वेल्डिंगचे सामान आणि सर्व हत्यारे करवतवाल्याला. गावात सगळे त्याला याच नावाने ओळखतात. तो रस्त्याच्या कडेला बसून करवतींना धार लावतो. त्याआधी जंगलात झाडे तोडायचा, तेव्हा त्याला दोन पाय होते. त्याला गॅरेज का, ते कलम पाचमध्ये येईल.

हत्यारांच्या यादीत टॉर्क पाना नाही. तो सुट्या भागांच्या दुकानदाराने ‘संध्याकाळी आणून देतो’ म्हणून नेला, त्याला अकरा वर्षे झाली. तो पाना मी त्याला दिला आहे असे समजावे. निदान माझ्यामागे तरी तो चोर राहू नये.

कलम ४. मागच्या महिन्यात मुलीचा फोन आला. “बाबा, तीन गाड्या बघितल्यात. तिन्ही ऑल व्हील ड्राइव्ह. तुमच्या जावयांची बदली घाटात झालीये, तेव्हा तसलीच लागणार. कोणती घेऊ?” मी म्हणालो, “कळवतो,” आणि कळवले नाही. मला गाडी निवडायला सांगितले की माझी जीभ टाळ्याला चिकटते. आता कळवतो.

बाई, चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचतो, असे तिन्हींच्या कागदावर लिहिलेले असेल. ते कधी पोचतो आणि कधी पोचायचा थांबतो, हे लिहिलेले नसेल. किंमत बघताना आजची बघू नकोस, पाचव्या वर्षीची बघ. असल्या गाडीचे चारही टायर एकदम बदलावे लागतात, एक फाटला म्हणून एकच नवा घालून भागत नाही. मागच्या चाकांचे तेल वेगळे असते, ते बदलणारा माणूस तासाभराच्या अंतरात आहे का, ते विचार. भरवसा किती, ते विक्रेत्याला विचारू नकोस, घाटात भाड्याने गाडी चालवणाऱ्याला विचार. आणि चालवून बघ, पण सपाट रस्त्यावर नाही. ओल्या मातीच्या चढावर ने, पुढची चाके दहा मिनिटे घसरू दे, आणि मागची काय करतात ते बघ. विक्रेता कुरकुर करेल, करू दे. चालवताना मजा येते का, तेही बघ. ती मजा खोटी नसते. फक्त तिचे मत सगळ्यात शेवटी घे.

कारकून म्हणाले, “अहो, हे तिला आत्ता फोनवर सांगा. ती काय तुम्ही जाईपर्यंत गाडीविना बसणार आहे?” बरोबर आहे. आजच सांगतो. कलम मात्र राहू द्यावे.

कलम ५. अंगणात उभी असलेली पांढरी गाडी, एकोणीस वर्षे माझ्या वापरात, माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना. मी त्यांना दाजी म्हणतो, म्हणजे म्हणत असे.

कारकुनांनी चष्मा काढला. “ज्यांच्याशी चोवीस वर्षं बोलणं नाही, त्यांना गाडी?” म्हणून कारण लिहितो.

दाजी डोंगरावरच्या दवाखान्याचे ड्रायव्हर होते. दवाखान्याची जुनी गाडी थकली तेव्हा समितीने नवी निवडायचे काम माझ्यावर सोपवले. तीन गाड्या आठवडाभर चाचणीसाठी आल्या. तिसरी स्वस्त होती, पण तिचे सुटे भाग यायला दोन-दोन महिने लागत. ती पहिल्याच दिवशी बाद झाली. राहिल्या पांढरी आणि निळी.

पांढरी म्हणजे कपाट ढकलल्यासारखे. स्टिअरिंग जड, गिअर टाकून टाकून खांदा भरून यायचा, आत एवढा आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागे. पण तिची चारही चाके कायम जोडलेली. निळीचे तसे नव्हते. तिची मागची चाके एरवी नुसती सोबत फिरत, आणि पुढची घसरली की आतला एक क्लच त्यांना जोडून देई. वळणावर हात नुसता ठेवावा आणि तिने वळावे. पंचवीस वर्षे मी गाड्यांच्या खाली पडून होतो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटले की गाडी ही वर बसायची गोष्ट आहे.

शनिवारी मी निळी खाणीच्या चढावर नेली. पत्नी शेजारी होती. तिला म्हटले होते, चल, फिरवून आणतो. चिखल होता. पुढची चाके सात-आठ मिनिटे घसरत राहिली आणि समोर पिवळा दिवा लागला. क्लच तापला होता. स्वतःला जपायला गाडीने मागची चाके सोडून दिली, आणि आम्ही जागच्या जागी बसलो. पत्नीने विचारले, “हे काय झालं?” मी म्हणालो, “काही नाही, जरा थांबू.” पंधरा मिनिटांनी दिवा विझला, चाके जोडली गेली, आणि मी शीळ घालत घरी आलो.

सोमवारी दाजी गॅरेजात आले. म्हणाले, “मला पांढरी दे. हात दुखले तर दुखू देत.”

मी म्हणालो, “दाजी, तुम्ही नुसती चालवता. मी उघडून बघतो.”

तिथे दोन गिऱ्हाइके उभी होती. दाजी निघून गेले. अहवालात मी निळीच्या नावापुढे लिहिले, ‘चढावर समाधानकारक.’

दुसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी वरच्या जंगलात ओंडका घरंगळून एका लाकूडतोड्याच्या पायावर आला. दाजी डॉक्टरीणबाईंना घेऊन निघाले. बर्फात निळी चढावर फसली, मग घसरून आडवी खड्ड्यात गेली. त्या माणसाला लोकांनी फळीवर बांधून खाली आणले, त्याला पाच तास लागले. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. तोच करवतवाला.

चौकशीत दाजी एवढेच सांगत राहिले की मागची चाके सुटली. समितीने गाडी माझ्याकडेच तपासायला पाठवली. थंड गाडी, कोरडे अंगण. चारही चाके व्यवस्थित फिरली. मी लिहिले, ‘गाडीत दोष आढळला नाही.’ वाक्य खरे होते. दाजींना कामावरून काढले, निवृत्तीला तीन वर्षे असताना.

त्या दिवशी ते अंगणात आले. “तू चढावर चालवून बघितली होतीस ना?”

“बघितली होती.”

“मग माझंच चुकलं असेल,” म्हणाले आणि गेले. त्यानंतर आमचे बोलणे नाही. ताई काही वर्षे एकटी येत राहिली, मग तीही थांबली.

पत्नीने हे सगळे पोटात ठेवले. मला कधी टोचून बोलली नाही. फक्त माझ्या शेजारी गाडीत बसणे तिने सोडले. बाजारात पायी जायची, पिशव्या घेऊन, उन्हात. मी पाच वर्षांनी तसलीच पांढरी विकत घेतली तरी बसली नाही. शेवटच्या आजारात म्हणाली, “तेवढं सांगून टाका त्यांना.” मी हो म्हणालो. त्यालाही नऊ वर्षे झाली.

म्हणून गाडी दाजींना. आणि हे कलम माझ्यामागे त्यांना व करवतवाल्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

इथे कारकुनांनी लेखणी माझ्या हातातून काढून घेतली. “मुलीचं आत्ता सांगायचं, आणि हे मेल्यावर?” म्हणाले. “तेव्हा ते कोणावर रागावणार? फोटोवर?” सह्या न करता आम्ही उठलो.

कलम ६. हे चार दिवसांनी लिहीत आहे.

मी ताईकडे गेलो. कागद बरोबर नेले होते, कारण तोंडाने सांगता आले नसते. दाजी खिडकीपाशी बसले होते. कलम पाच मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचले. ताई दारात उभी होती, ती आत आली नाही.

दाजींनी विचारले, “किती वेळ थांबला होतास चढावर?”

“पंधरा मिनिटं.”

“मी वीस मिनिटं थांबलो होतो,” ते म्हणाले. “दिवा विझेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माणूस मरेल, काढा गाडी. मी काढली. इतकी वर्षं मला वाटत होतं, आणखी दहा मिनिटं थांबलो असतो तर त्याचा पाय वाचला असता.”

मी म्हणालो, “नसता वाचला. तुमचं काही चुकलं नव्हतं, दाजी.”

“ते तू मला आज सांगतोयस.”

माफ केले असे ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. ती मागायची वेळ ते अंगणात आले तेव्हाची होती, ती मी वर लिहिली आहे. निघताना त्यांनी विचारले, “त्या करवतवाल्याला सांगितलंस?” मी नाही म्हणालो. “आधी त्याला सांग,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे गेलो. तो कानस चालवत होता, ऐकताना थांबला नाही. शेवटी म्हणाला, “तुम्ही मला वर्षानुवर्षं फुकट तेल देत होता, ते यासाठी होय. मला वाटायचं, चांगला माणूस आहे.” मग करवत उलटी करून दुसऱ्या बाजूने सुरू झाला. “गॅरेज घेईन मी. नाही कशाला म्हणू? पण तेल आता विकत घेईन.”

आज दाजी काठी टेकत इथवर आले. विचारले, “साक्षीदार किती लागतात?”

कारकून म्हणाले, “दोन. एक मी आहे.”

“दुसरा मी.”

कारकुनांनी त्यांना समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. सही केली तर गाडी गेली.

“मला कळतं,” दाजी म्हणाले. “त्याने काय लिहिलंय ते मी ऐकलं आणि त्याने माझ्यासमोर सही केली, एवढं कागदावर राहू दे. गाडी नको.”

सबब कलम पाचमधील गाडीची देणगी रद्द. पांढरी गाडी मुलीकडे जावी. घाटात तिला उपयोगी पडेल. नको असल्यास विकावी. कलमातील बाकी मजकूर कायम.

येथपर्यंतचे सर्व मी वाचले आहे आणि ते माझे आहे. आणखी काही द्यायचे राहिलेले नाही.

ठिकाण : गॅरेजची वरची खोली
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२२

लिहून ठेवणार : (सही)

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत वरील सही झाली. आम्हाला यातून काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार :

१. (सही) शेजारी. वय ६८. कोर्ट-कारकून, निवृत्त.

२. (सही) बहिणीचे यजमान. वय ७९. धंदा, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्याप्रमाणे : ड्रायव्हर.