घाटावरचा दोर

मारेगाव, पोळ्याची आदली संध्याकाळ

घाटावरच्या बाभळीले दोर मीच टांगला होता, बुडत्याले फेकायले. आम्हा स्वयंसेवकांत मीच साऱ्यांवर खेकसायचो, त्याले हात लावू नका म्हणून. अन् आज बैल धुवून घरी न्यायले मीच तो सोडला. अळीनं कपाशी खाल्ली, यंदा नवा कासरा घेतलाच नाही. वाटलं, घटकाभरात आणून टांगतो. कायले सोडला मी?

बैल घरी पोचवला, तेवढ्यात घाटावर ओरडा झाला. शामरावकाका धारेत वाहून चालले होते. मी धावत बाभळीखाली गेलो, सवयीनं हात वर केला. फांदी रिकामी. मंग उडी घेतली. हाती नुसती टोपी आली.

काकू रडत म्हणाल्या, "तुह्याच्यानं झालं तेवढं तू केलं, बापू."

दोराचं कोणीच विचारलं नाही. बैल गोठ्यात त्याच दोरानं बांधला आहे.