आज दवाखाना बंद

दादा,

आजच्या पेशंटना मी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलंय. गाडी गेटला घासली, एवढंच आईला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत तेवढंच राहू दे, मग आपण दोघं मिळून सांगू.

तू पिऊन गाडी चालवलीस, सायकलवाल्याचा पाय मोडला, पोलिसांनी तुझ्यावर गुन्हा दाखल केला. वकील म्हणतात, निकाल लागेपर्यंत गप्प बसा. पण आपल्या डेंटल कौन्सिलला गुन्हा दाखल झाल्याबरोबर कळवावं लागतं, हे तुला काय मी सांगायचं? आणि शेजारच्या खुर्चीवर काम करणाऱ्या डॉक्टरला ठाऊक असेल, तर तिलाही ते कळवावंच लागतं, म्हणजे मला.

तरी मी गप्प बसले असते रे. पण काल त्या आजींची दाढ काढताना तुझी पक्कड दोनदा निसटली, मास्कमधूनही दारूचा वास येत होता. मी तुझ्या हातातून ती काढून घेतली, तरी तू हात धुऊन पुढच्या पेशंटला आत बोलावलंस.

मी कौन्सिलच्या ऑफिसबाहेर बाकावर बसते. दुपारपर्यंत आत जाणार नाही. तू ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग.

गाडीची चावी मी नेलीय, बसने ये. तुझा पांढरा शर्ट इस्त्री करून दारामागे अडकवलाय.

ठमी