ओढ्याकाठची मादी तोंगकात अली न उपटण्याबाबत

दि. १५ जुलै २०१९

प्रति,
मा. जिल्हा वनाधिकारी,
उलु सेम्पाक वनविभाग, पहांग, मलेशिया

विषय : परवान्यात बियाण्यासाठी एकाऐवजी दोन झुडपे राखण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दि. ११ जुलैचे पत्र.

महोदय,

मी बाह आंदाक, सेमाई आदिवासी, वय ७१. गावातल्या सतरा मुलांना रानातली झाडे ओळखायला शिकवतो.

१. आमच्या उतारावर तोंगकात अलीची तेरा झुडपे होती. खोड काठीसारखे एकच, पाने शेंड्याला छत्रीसारखी, मूळ माणसाच्या उंचीइतके सरळ खाली. कडू मुळाचा काढा आम्ही तापावर घेतो. परवान्याप्रमाणे मुळांसाठी अकरा खणली गेली. बियाण्यासाठी सर्वांत उंच झुडूप राखले. ते नर आहे. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. नराला फुले येतात, फळ कधीच येत नाही.

२. तेरावे झुडूप ओढ्याकाठी, वेतामागे झाकलेले होते. ती मादी. मुकादम श्री. बदरुल यांना ती दिसली नव्हती. ती मी दाखवली. दि. ४ रोजी ते म्हणाले, "आजोबा, अजून एखादं असेल तर दाखवा ना. फार मनात आहे." आमच्यात कोणी मनातली इच्छा बोलून दाखवली आणि ती रिकामी गेली, तर त्या माणसाला इजा होते, तो पडतो, त्याला साप चावतो. त्यांना घरी लहान मुली आहेत. मी वाट दाखवली. त्यांनी लाल फीत बांधली. गुरुवारी, दि. १८ रोजी खणणार आहेत.

३. मी कार्यालयात आलो. कारकून भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "बाह, झाडातले बाई-पुरुष लिहायला फॉर्मात रकाना नाही." नंतर आपले पत्र आले की, परवान्यात एकच झुडूप राखायचे असल्याने दोहोंपैकी कोणते ते अर्जदाराने कळवावे. महोदय, हे मला कळवता येत नाही. नर ठेवला तर फळ नाही. मादी ठेवली तर परागाविना तिचे फूल वाया. एक राखणे म्हणजे एकही न राखणे.

४. आज मादीवर हिरवी फळे आहेत. ती लाल होईपर्यंत तोडता येत नाहीत. मागच्या वर्षी मुलांनी बिया पेरल्या होत्या. महिना उलटला तरी काही उगवेना, तेव्हा त्यांतली मेलुर रोज माती उकरून बघायची. मी तिला थांबायला शिकवले. आता गुरुवारपर्यंतच वेळ उरला आहे.

५. श्री. बदरुल यांची इच्छा रिकामी जाऊ नये म्हणून घरात तापासाठी वाळवून ठेवलेले मूळ मी त्यांना देईन. ते आम्हाला शेवटचे आहे. कृपया फीत सोडवण्याचा आदेश बुधवारपर्यंत द्यावा.

६. अर्जावर मुलांच्या सह्या का नाहीत, असे कारकुनांनी विचारले होते. मुलांना मी यातले काहीच सांगितलेले नाही. सांगितले तर तीही मागतील. आणि आपण नाही म्हणालात, तर त्यांचीही इच्छा रिकामी जाईल, आणि ती सतराही जण रोज त्याच ओढ्यावर उतरतात. म्हणून हे मागणे माझ्या एकट्याचे आहे. जे व्हायचे ते मला होऊ दे.

उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,
बाह आंदाक
(अंगठा)

सोबत : १. नराच्या फुलांचा तुरा. २. मादीचे गळून पडलेले एक हिरवे फळ.