सानवीचं प्रगतीपत्रक

वासणा, बडोदे
ता. ७ जुलै २०२६, मंगळवार

प्रिय मंदाताई,

नमस्कार. पाया पडते असं लिहिणार होते, पण तू पाय मागे घेशील.

फोन तू उचलत नाहीस आणि बरोबरच करतेस. आपल्या श्रीकृष्णदादाला विचारलं तर म्हणाला, "तुझं नाव काढलं की ती उठून आत जाते." वासण्याहून तुझी घडियाळी पोळ काही परदेशात नाही, रिक्षानं अर्धा तास. पण वर्षभरात माझा पाय तिकडे वळला नाही. हे पत्र दादाच्याच हातात देतेय. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

इकडे सगळं ठीक. आमच्या केयूरला पुण्यात नोकरी लागली. ह्यांचे गुडघे दुखतात आणि त्या गुडघ्यांवर जगातला प्रत्येक माणूस ह्यांना तेल सुचवून जातो. मी ऑक्टोबरात रिटायर होतेय. ऑफिसात आत्तापासून सुरू झालंय, "निरुपमाबेन, पार्टी क्यारे?" पार्टी कधी म्हणून. मी हसून वेळ मारून नेते.

बघ, अजून मी गुडघे आणि पार्टीच लिहितेय. तुझी आंगणवाडी माझ्यामुळे गेली, ते लिहायला बसलेय गं.

गेल्या महिन्यात शाळा प्रवेशोत्सवाला तुझ्या आंगणवाडीच्या गावी ड्यूटी लागली. पाहुण्यांसमोर तिसरीच्या मुलांकडून धडा वाचून घेत होते. सानवी मागच्या रांगेत होती. आता आठ वर्षांची आहे, दोन वेण्या घालते. बाकीची मुलं वाचत होती आणि ही त्यांच्या तोंडाकडे बघून ओठ हलवत होती. बाई मला म्हणाल्या, "आ तो साव ठोठ छे, बेन." अगदीच ढ आहे म्हणे.

कार्यक्रम संपल्यावर तू करायचीस तसं केलं. मुलांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मागून थाळीवर चमचा वाजवला. सगळी वळली. ती एकटी वेणीची रिबन सोडून पुन्हा बांधत बसली होती.

तू हे मला तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतंस.

गेल्या बुधवारी तिला आणि तिच्या आईला, कोकिलाबेनला, बडोद्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. दोन्ही कान अधू निघाले. डॉक्टर म्हणाले, मशीन लावू, फायदा होईल, पण बोलणं शिकायचं खरं वय निघून गेलं, पाचव्या वर्षी का नाही आणलंत? तेव्हा कोकिलाबेननं प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कार्ड काढलं. आंगणवाडीचं प्रगतीपत्रक. म्हणाली, "मंदाबेननं सांगितलं होतं, कान दाखवून या. आम्ही निघणारच होतो. मग शाळेतून हे मिळालं. ह्यात लिहिलंय, बराबर ऐकते. खाली मंदाबेनची सही आहे. म्हणून नाही गेलो." मग तिनं तुला असे काही शाप दिले, ताई, की मला लिहवत नाहीत. मी शेजारी बसून ऐकत होते.

ती सही मी केली होती.

तुझ्या कार्डावर तुझं तिरकं अक्षर होतं, "मागून हाक मारली तर वळत नाही. कान तपासावेत." माझ्या हाताखालच्या चोवीस आंगणवाड्यांतलं एकूण एक मूल शाळेसाठी तयार, असा आकडा वर जाणार होता. तालुक्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता. एका सानवीपायी तो अडत होता. मी तुला म्हटलं, गाण्यावर सगळे हातवारे करते की पोरगी, बहिरी कुठली! तू म्हणालीस, "निरू, ती दुसऱ्यांचं बघून करते. पहिल्या रांगेत उभी कर, मग कळेल." मी नाही उभी केली. तुझं खरं निघेल ही धास्ती होती, दुसरं काय!

तू नवं कार्ड भरायला नाही म्हणालीस. मग मीच भरलं. अकरा वर्षं तुझी रजिस्टरं तपासत आले, सही गिरवायला अर्धं मिनिट लागलं. कार्डं परस्पर शाळेत पाठवली. पुढे तू विचारलंस, "सानवीला दाखवलं का गं?" तर मी म्हटलं, दाखवलं, बरी आहे. त्याच महिन्यात मला शाल मिळाली. तू पुढे येऊन माझं अभिनंदन केलंस.

गेल्या वर्षी दुसरीतल्या निम्म्या मुलांना वाचता येईना. शाळेनं बोट दाखवलं आंगणवाडीकडे, आणि चौकशीत पहिलं कार्ड निघालं सानवीचं. सगळीकडे बरोबरच्या खुणा, आणि पोरीला एक अक्षर येत नाही. तू म्हणालीस, "ही सही माझी नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सही तर मंदाबेनचीच वाटते."

आतेबहीण ना मी तुझी! वाडीतल्या घरी आपण एका ताटात जेवलो. आणि माझ्या तोंडून हे निघालं. तू भांडली नाहीस. आंगणवाडीची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलीस. त्यानंतरही तू कोकिलाबेनकडे गेली होतीस, पोरीला दाखवा म्हणून सांगायला. हे मला आत्ता कळलं. तिला वाटलं, नोकरी गेली म्हणून स्वतःची कातडी वाचवायला आलीय. तिनं तुला दारातूनच हाकललं.

दवाखान्याच्या त्या बाकावर मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती कार्डाकडे बघत राहिली आणि एकदम रडायला लागली, "में मंदाबेनने काढी मूकी." मंदाबेनला मी हाकलून दिलं, एवढंच म्हणत राहिली.

शुक्रवारी ऑफिसात लेखी जबाब दिला. नक्कल सोबत आहे. साहेब म्हणाले, "तीन महिने राहिलेत, बेन, कशाला उकरता?" मी म्हटलं, आवक क्रमांक टाका. माझं काय व्हायचं ते होईल. तुझी नोकरी परत मिळेल असं खोटं आश्वासन देत नाही, माझी खोटी आश्वासनं तू पुष्कळ ऐकलीस.

रविवारी सकाळी कोकिलाबेन सानवीला घेऊन तुझ्याकडे येतेय. तुझी माफी मागायला. मी तिला तीनदा सांगितलं, अगं, माफी मागायची पाळी तुझी नाही. ऐकत नाही. तिला पोळेच्या गल्ल्या माहीत नाहीत, म्हणून खालच्या दारापर्यंत मीच आणून सोडेन. तिला पाया पडू देऊ नकोस, ताई. आत घे, पाणी दे. मी खाली रस्त्यावर थांबेन. मला वर बोलवू नकोस.

स्वतःचं पाप तुझ्या नावावर खपवलेली,
निरू